मिरचीच्या झाडाची वांगी

छत्तीस वर्षं कपडे शिवले आणि एकदाही माप चुकलं नाही, असं मास्तर स्वतः सांगत. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणे, त्यावर गालातल्या गालात हसे. दुकानातली काजं आणि काठांची हातशिलाई तीच करायची, त्यामुळे कुणाची बाही कुठे आखूड झाली होती हे तिला नावानिशी ठाऊक होतं. नजर अधू झाल्यावर मास्तरांनी मशीन झाकून ठेवलं, पण करून आणलेला चष्मा काही लावला नाही. शिंप्याने चष्मा लावला की गिऱ्हाईक तुटतं, हे दुकान बंद झालं तरी त्यांच्या डोक्यातून जाईना.

मग त्यांनी घरामागच्या जागेत मन घातलं. शिंपी तो शिंपीच. वाफे टेप लावून आखले आणि सगळ्या बिया एकाच सकाळी पेरून टाकल्या. एकदा कापड बेतलं की कापून मोकळं व्हावं, हा त्यांचा धंद्यातला नियम.

भाजीपाल्याला हा नियम कुणी सांगितला नव्हता. दुधी तेवढा सुटला तो कुणाला ऐकेना. कपडे वाळत घालायच्या तारेवर चढला, शेजारच्या भिंतीवर गेला. मास्तरणीने दुधीची भाजी केली, दुधी डाळीत घातला, किसून कणकेत मळला, सालांची चटणीही वाटली. मास्तर पिशवी घेऊन येताना दिसले की शेजारी दार लावून घ्यायला लागले. आणि याच सुमारास मास्तरांनी मुलीच्या सासूला फोनवर ऐकवलं की आमच्याकडे बाजारची भाजी येतच नाही, जे मोसमात परसात येतं तेच चुलीवर चढतं. विहीणबाई म्हणाल्या, मग रविवारी जेवायलाच येते.

दुधीच्या अठराव्या दिवशी मास्तरणीने पळी खाली ठेवली.

"परसातलीच भाजी करीन," ती म्हणाली. "पण रविवारी ताटात दुधी दिसता कामा नये. जमलं तर बाग राहील. नाही जमलं तर सोमवारी फरशीवाला येईल. कपडे वाळत घालायला रोज चिखल तुडवते मी."

मास्तर तडक परसात गेले. वांग्याची सात झाडं होती, फुलंही भरपूर, पण वांग्याचा पत्ता नाही. मिरचीने तर अजून मनावरच घेतलं नव्हतं. ते रोज वाकून बघत आणि रोज कंबर धरून उठत. त्या चार वाफ्यांवर फरशी बसलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसे आणि जेवण जात नसे.

रविवारी उजाडता उजाडता ते फिरायला म्हणून बाहेर पडले आणि बाजारातून डझनभर वांगी घेऊन मागच्या दाराने आत आले. पेटीतलं हिरवं रीळ काढलं. दोन वेढे, एक उलटा फास, वर अर्धा टाका. आयुष्यभर बटणं पक्की करताना मारली तीच गाठ. बाराही वांगी झाडांना बांधून झाल्यावर त्यांनी चार पावलं मागे सरून पाहिलं, आणि काम त्यांना पसंत पडलं.

विहीणबाई आल्या त्या चहाही न घेता थेट परसात. एका झाडाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अहो, ही तर मिरची. हिला वांगी कशी?"

मास्तर डोळे बारीक करून झाडाकडे बघायला लागले. मास्तरीण पुढे झाली, वाकली, आणि तिला देठाशी ती गाठ दिसली. असल्या गाठींचे दोरे तिने जन्मभर दातांनी तोडले होते. तिने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"कलम आहे," ती विहीणबाईंना म्हणाली. "ह्यांचा हात चांगला आहे त्यात. तुम्ही नका तोडू, देठ नाजूक असतो."

ती दोरे कापायची कात्री घेऊन आली. पाहुणीकडे पाठ करून तिने एकेक वांगं उतरवलं आणि दोरे मुठीत घेतले. भाजी अशी काही झाली की विहीणबाईंनी तीनदा वाढून घेतली आणि निघताना त्या कलमाचं एक रोप मागितलं. मास्तरांनी मान खाली घालून पुढच्या मोसमाचा वायदा केला.

पाहुणी गेल्यावर मास्तरणीने बारा दोरे टेबलावर ठेवले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं पकडलं गेल्याचं एवढं नाही, पण आपली गाठ तिच्यापासून लपेल असं वाटलंच कसं, याची लाज वाटली.

"फरशीवाल्याला मीच सांगतो," ते म्हणाले.

"आधी चष्मा लावा आणि चला."

वांग्याच्या सहाव्या झाडाचं मोठं पान तिने बोटाने उचललं. खाली अंगठ्याएवढं वांगं होतं, काटेरी टोपीचं, चकचकीत.

"ह्याचीही गाठ शोधली मी," ती म्हणाली. "सापडली नाही."

मास्तर कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले, आणि तो काही लवकर पुसून होईना. आतून दुधी किसल्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ती भाजी दोनदा मागून खाल्ली.

सोमवारी फरशीवाला माप घ्यायला आला. मागे जागाच नाही, असं सांगून मास्तरणीने त्याला दारातूनच परत पाठवलं. जाताना दोन दुधी मात्र दिले.