आवाज कमी करायचं बटन

आसेगाव फाट्यावर गाड्यांचे टेप बसवणारा एक जण आहे. ओठांत स्क्रू धरून तो वायरींना समजावतो, "काहून रुसून राह्यली वं?"

मुलानं आमच्या जुन्या गाडीत नवा टेप घेतला, तर स्टेअरिंगवरची बटनं चालेनात. या टेपवाल्यानं आत एक छोटं सर्किट जोडलं.

"याले एकेक बटन शिकवा लागते. पयलं कोणतं शिकवू, काकू?"

शेजारच्या सीटवरून मी लाजत एक दाखवलं. "आमचे हे होते तवा, मी बोलाले लागली का हे दाबून गाणं हळू करत."

त्यानं तेच शिकवलं. दाबलं, तसं गाणं हळू झालं. बाकीची बटनं तशीच ठेवून तो उतरला, माझ्याकडे न बघता दार लावून चहाला गेला.

मी यांच्याशी पुष्कळ बोलले.