शाफ्टच्या तोंडाचा फोटो

भावोजींनी त्या दिवशी डब्यातून लोखंड आणलं. अंबरनाथच्या माझ्या स्टुडिओत काउंटरवर डबा उघडला, तर आत फडक्यात गुंडाळलेला मोडक्या शाफ्टचा तुकडा. आनंदनगरच्या कारखान्यात त्यांच्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तुटला होता आणि हातोडा मारून तो त्यांनीच तोडला, असा ठपका त्यांच्यावर आला होता. चौकशी लागली होती. नोकरी जाणार या धास्तीने कुळगावला माझी बहीण जेवत नव्हती.

"हे बघ," ते म्हणाले. तुटलेलं तोंड अर्धं गंजून काळं पडलेलं, अर्धं ताजं, चकचकीत. म्हणजे चीर आधीपासून होती. "उद्या जागेवर ठेवला नाय तर चोरीचा आळ येईल. ठेवला तर भंगारात जाईल. फोटो काढ, बाबा."

मी लग्नाचे फोटो काढणारा. रुपयाएवढ्या लोखंडाचा फोटो माझ्या लेन्सने येईना. धावत उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे बारीक वस्तू जवळून टिपायच्या दोन जुन्या मॅक्रो लेन्स होत्या, एक पन्नास मिलिमीटरची, एक शंभरची.

"साईं, पचासवाली लेगा तो एकदम चिपकके काढना पडेगा, लेन्सचीच सावली पडेल," तो म्हणाला. "शंभरवाली घे, लाईटला जागा राहील."

शंभरची घेतली. त्या दिवसात मी शहाणपणाचं केलेलं काम तेवढं एकच.

इतक्या जवळून केसाएवढाच भाग स्पष्ट येतो, हे मला कॅमेऱ्यातून बघितल्यावर कळलं. तुटलेलं तोंड उंचसखल. गंज फोकसमध्ये आणला की चकचकीत भाग धुरकट. दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक केलं तर उजेड कमी, शटर कितीतरी वेळ उघडं ठेवावं लागे, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीने स्टँड थरथरे. शेवटी फोकस किंचित किंचित सरकवत नऊ फोटो काढले. हल्ली याला फोकस स्टॅकिंग म्हणतात आणि संगणक ते जुळवून देतो. माझ्याकडे ब्लेड आणि डिंक होता.

प्रत्येक प्रिंटमधला स्पष्ट तुकडा कापला, शेजारी शेजारी चिकटवला. पण फोकस हलला की आकारही जरासा बदलतो. गंजाची कड जागोजागी जुळेना. मग नवरीच्या गालावरचे डाग घालवायचा माझा ब्रश घेतला आणि कड जोडली. त्या चित्राचा पुन्हा फोटो काढला. जोड माझा मलाही सापडेना, तेव्हा छाती फुगली. धुरकट निगेटिव्ह दुकानात ठेवायची नाही, गिऱ्हाइकाने पाहिली तर नाव जातं, हा माझा नियम. नऊच्या नऊ कापून टाकल्या.

चौकशीत मलाही बोलावलं. तोवर शाफ्ट भंगारात गेला होता. चौकशी करणाऱ्या साहेबांनी भिंगातून फोटो पाहिला आणि निगेटिव्ह मागितली. ती उजेडात धरून म्हणाले, "ही तर फोटोच्या फोटोची आहे. मूळ कुठंय?"

"मूळ नाही ठेवली, साहेब."

गंज जिथे संपत होता, तिथे त्यांनी बोट ठेवलं. सगळी केस त्याच रेघेवर उभी होती. "ही कॅमेऱ्यात आली, की तुम्ही काढलीत?"

खोटं बोलायला हवं होतं. "काही ठिकाणी मी," म्हणालो. मग पाय धरायचेच बाकी ठेवले. गंज खरा होता, साहेब, मी या डोळ्यांनी पाहिलाय, असं तीनदा सांगितलं. ते लिहीत राहिले. करायला गेलो गणपती, झाला मारुती. आणि तो माझ्या बहिणीच्या घरावर बसला.

महिनाभरात भावोजींना घरी बसवलं. त्या दिवाळीला कुळगावला गेलो, तेव्हा बहीण चहा देऊन आत गेली. भावोजींनी कप खाली ठेवला.

"धुरकट दिला असतास तरी चाललं असतं रे," म्हणाले.