कागदाचा कप

तळेगावात वरात म्हटली की रामाजी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन पुढं. अख्खी जवानी त्यात गेली. त्याच्याच जोरावर पोरगा रत्नदीप शिकला अन् वर्ध्याले सायब झाला. पुढं बत्त्या बंद पडल्या, पण एक बत्ती अन् तिच्यात उजेडासाठी लावायच्या जुन्या जाळ्या रामाजीनं जपून ठेवल्या. नात आचल आली की तिले पेटवून दाखवे. तेवढीच त्याची मौज.

मागच्या हिवाळ्यात शाळेत योगेंद्र सर किरणं मोजायचं यंत्र घेऊन आले. घरातल्या वस्तू आणा म्हणे. कोणी केळी नेली, कोणी चुलीची राख. रामाजी मोठ्या ऐटीत जाळी घेऊन गेला. सून मयुरी अन् आचल तवा गावातच होत्या, त्याही पाह्यले आल्या. केळीवर यंत्र ढिम्म. कोणी आणलेल्या ओट्याच्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर जरा टकटकलं. जाळीवर मात्र फुटाणे फुटावे तसं तडतडलं.

सर म्हणाले, "यात थोरियम असतं. थोडी किरणं माती-दगडात, आपल्या अंगातही असतात. जाळीची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, बाकी भ्यायचं काही नाही. हे हाताला चिकटून राहत नाही."

पण एकदा तडतड ऐकल्यावर सरांचं कोण ऐकते? मयुरीनं पोरीले आजाच्या मांडीवरून उचललं अन् त्याच दिवशीची एसटी धरली.

रामाजीनं सगळ्या जाळ्या सरांले देऊन टाकल्या. तरी पोरगी गावी येईना. शेवटी तोच संत्री घेऊन वर्ध्याले गेला. मी त्याचा शेजारी, मीबी संग होतो. आचल दारातून पाहे, पण आईनं तिचा हात सोडला नाई. चहा आला. मले, रत्नदीपले चिनी मातीचे कप, रामाजीले कागदाचा. ठेवला कुठं, तं ग्रॅनाइटच्याच ओट्यावर. रत्नदीपनं पाह्यलं अन् मान मोबाइलात घातली. कानाखाली वाजवावी वाटली मले. बाबासाहेबांचा फोटो त्याच्याच डोक्यावर टांगला होता.

रामाजीनं चहा पेला. संत्री तिथंच ठेवली अन् कप हातात घेऊन बाहेर निघाला. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "माह्या बापाचा कप पाटलाच्या गोठ्यात वेगळा राहे. पेल्यावर त्यालेच धुवा लागे. पण वेगळा ठेवणारा पाटील होता गा, बापाचा सोताचा पोरगा नव्हता."

मंग त्यानं तो कप नालीत टाकला.