दोघींनाच ठाऊक

परवा शेजारी बारसं होतं. घुगऱ्यांचा वास आला आणि चौबे कॉलनीतलं आमचं घर आठवलं. रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. दादाच्या मुलीच्या नावावर घरात एकमत होईना. शेवटी वहिनी म्हणाली, "तू आत्या आहेस, तूच ठेव. आम्हाले आधी सांगू नको."

मी शाळकरी पोरगी. पाळण्यात वाकले. वेखंडाचा वास, आणि माझ्या श्वासाने हलणारं तिचं जावळ. "रेवा," मी कानात म्हटलं. तिने डोळे उघडले. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले. "काय ठेवलं वं? सांग ना."

मी पुन्हा पाळण्यात वाकले.

आज किती लोक तिला त्या नावाने हाका मारतात. तेव्हा मात्र साऱ्या जगात ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.