शौकाची मशीन

गोंदियाच्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता. "घर के लिए चाहिए, या धंधे के लिए?"

"घर के लिए," मी म्हटलं. "शौक है बस."

हे बोलताना मी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघायचं टाळलं. आम्ही दोघं सकाळची पॅसेंजर धरून अर्जुनी मोरगावहून आलो होतो ते धंद्याच्याच मशीनसाठी. नवरा ज्या राइस मिलमध्ये मुनीम होता, ती मिल भावाभावांच्या भांडणात बंद पडली होती. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. माझी सोन्याची पोत मोडून मशीन घ्यायची, मी घरी बसून शिवायचं आणि त्याला दुसरं काम मिळेपर्यंत घर ओढायचं, असं ठरलं होतं. ठरवलंही मीच होतं.

पण आमच्या गल्लीत सगळे नोकरदार. मास्तर, ग्रामसेवक, बँकेतले. त्यांच्या बायका मला मॅडम म्हणायच्या, कारण मी डी.एड. झाले होते. नोकरी कधी लागली नाही, मॅडम मात्र चिकटली. त्या मॅडम आता लोकांचे ब्लाऊज शिवणार, या विचारानेच माझे कान गरम व्हायचे. मिल बंद पडल्याचंही आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. नवरा रोज डबा घेऊन घरातून निघायचा आणि स्टेशनवर जाऊन बसायचा.

दुकानात दोन मशीन समोर होत्या. एक काळी, लोखंडी, खाली मोटर लावलेली. दिवसभर चालवली तरी दमणार नाही अशी. दुसरी पांढरी, प्लॅस्टिकची, बटण दाबलं की आपोआप फुलं काढणारी. माझं उत्तर ऐकून दुकानदाराने काळी बाजूला सरकवली आणि पांढरी पुढे घेतली. "इसको बीच-बीच में आराम देना पड़ता है, भाभीजी. शौक के लिए एकदम बढ़िया." नवऱ्याने हळूच काळ्या मशीनवर हात ठेवला. मी मोठ्याने म्हटलं, "उसमें फूल नहीं बनते." त्याने हात काढून घेतला. बिचारा परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसला होता.

मशीन शिकायला मला वेळ लागला, पण शिकले. कापड फ्रेममध्ये ढोलकीसारखं ताणून बसवायचं, खाली कडक कागद लावायचा, नाहीतर फूल आक्रसून जातं. भरतकाम आधी सुट्या कापडावर करायचं, बाही मग कापायची. पहिल्या वेळी मी शिवलेल्या बाहीवरच फ्रेम चढवली, आणि बाहीच्या दोन्ही बाजू एकमेकींना शिवून टाकल्या. त्यात भारनियमन. फूल अर्धं झालं की लाइट जायची, आणि परत आली की सुई दुसरीकडेच पाकळी काढायला लागायची. मी चिडून मशीनला नाही नाही ते बोलायची. तरी हात बसला. माझ्या ब्लाऊजच्या बाहीवरची वेल बघून गल्लीतल्या बायका यायला लागल्या.

"मॅडम, हे कुठून करून आणलं?"

"मीच. शौक म्हणून घेतली मशीन."

झालं. एकदा शौक म्हटल्यावर पैसे कोण देणार? "तुमचा शौकही होईल आणि माझं कामही होईल," म्हणत ग्रामसेवकाच्या बायकोने तीन ब्लाऊज आणून दिले. तिच्या मागून बाकीच्या आल्या. कुणी चिवडा आणून दिला, कुणी नुसतं कौतुक. मी हसून कापड ठेवून घ्यायची आणि दार लावून रडायची. धागा माझा, कागद माझा, लाइटचं बिल माझं. तोंड उघडून 'शिलाई द्या' म्हणणं मात्र मला जमत नव्हतं.

आईलाही मी शौकच सांगितला होता. आई देवरीकडच्या एका खेड्यात राहायची. लोकांच्या धानाच्या रोवणी-कापणीला जाऊन तिने मला शिकवलं होतं, आणि माझी लेक हौस म्हणून मशीन चालवते, हे सांगताना तिची छाती फुगायची. तिने ते साऱ्या गावाला सांगितलं. दिवाळी झाली आणि तिच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, जवळ आली. मंडईला लेकीबाळी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरतं, सगळ्यांना नवं नेसायचं असतं. आई एस.टी.तून उतरली ती भलंमोठं गाठोडं घेऊनच. तिथल्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांचेच नव्हे, पाटलाच्या सुनेचाही ब्लाऊज त्यात होता.

"सगळ्यायनं देल्ले," आई खुशीत म्हणाली. "म्हटलं, पोरीले शौक हाय, फुकट करून देते."

मी नाही म्हणू शकले नाही. मंडईपर्यंत मशीनला आराम दिला नाही, स्वतःलाही नाही. आई गाठोडं न्यायला आली तेव्हा नवरा घरी होता. स्टेशनवर बसायचाही त्याला कंटाळा आला होता.

"जावई घरी काऊन हायेत?"

"सुट्टी आहे."

आई स्वयंपाकघरात गेली. भात टाकायला म्हणून तिने तांदळाचा डबा उघडला. डबा तळाला गेला होता. "मिलवाल्याच्या घरी तांदूळ नाई?" तिने माझ्याकडे पाहिलं. "कवापासून सुट्टी हाय, बाई?"

मग मी सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्यावरच भडकले. "कोणाले विचारून आणलं हे गाठोडं? मी काय रिकामी बसून राहिली काय?"

"तूच त म्हणली, शौक हाय."

एवढंच बोलून तिने शिवलेले ब्लाऊज नीट घड्या घालून बांधले आणि दुपारच्या गाडीने गेली. जेवलीही नाही.

मंडई झाल्यावर ती परत आली. या वेळी डोक्यावर पोतं होतं. ते तिने स्वयंपाकघरात टेकवलं आणि त्याचं तोंड सोडलं. तांदूळ. मला वाटलं, घरचे आणले. मी ओंजळ भरून घेतली तर त्यात जाडे होते, बारीक होते, नवे पांढरे होते, जुने पिवळट होते, मधेच तुकड्यांची कनकी होती. एका घरचे तांदूळ असे नसतात.

आमचं घर बौद्ध. आजोबांच्या तरुणपणापर्यंत आमची माणसं सुगीत टोपली घेऊन गावात दारोदार जायची. वर्षभर गावाची पडेल ती कामं केली म्हणून लोक टोपलीत वरून धान्य टाकायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी ती टोपली चुलीत घातली. त्यानंतर आमच्यातलं कुणी कुणाच्या दारात उभं राहिलं नाही. ही गोष्ट आईनेच मला लहानपणी कितीदा तरी सांगितली होती.

"तू दारोदार फिरली?" माझा आवाज फाटला. "पाटलाच्या घरीबी?"

"गेली. तवाचे लोक देईन ते घेत होते. म्या शिलाई सांगून घेतली. पैसे नाई त तांदूळ द्या म्हटलं."

"तुले लाज नाई वाटली?"

आई पदराने मान पुसत होती. ती थांबली.

"वाटली ना. फुकट हाय म्हणून म्याच त सांगत फिरली होती. पाटलाची सून म्हणे, असं कसं, बाई, तवा त तुमी शौक म्हणत होत्या. पाय उचलत नव्हते माहे."

"मंग?"

"मंग काय," आई म्हणाली. "दुसऱ्या दारी गेली."