ओळख देणाऱ्याची सही

आई गेल्यावर तेराव्यापर्यंत मी रडले आणि चौदाव्या दिवशी फाइल उघडली. निळी, दोरीची. वर 'आई' असं लिहिलं आणि आत मृत्यूच्या दाखल्याच्या पंधरा झेरॉक्स घातल्या. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होते आणि अपूर्ण अर्ज परत करण्यात माझा हातखंडा होता. 'दाखला जोडा, मग या' हे मी दिवसातून वीस वेळा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. त्यामुळे आईचे कागद आपण महिनाभरात हातावेगळे करू, याबद्दल मला शंका नव्हती.

आणि केलेही. रेशनकार्डावरचं नाव कमी केलं, मतदार यादीतलं केलं, बँकेतलं जॉइंट खातं एकट्या बाबांच्या नावावर करून घेतलं. प्रत्येक खिडकीत 'नाव कमी करायचं ना?' असं विचारत. तो 'कमी' शब्द मला चावायचा. पण मी हो म्हणायचे आणि पावती मागून घ्यायचे.

मग शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ते पासबुक सापडलं. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या घरात मशीन खिडकीखाली असायचं आणि आई त्यावर अख्ख्या कॉलनीच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. बॉबिनींच्या खाली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं पोस्टाच्या बचत खात्याचं पासबुक. नाव वाचलं तर माझ्या आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं. पण त्यापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव होतं ते सटाण्याच्या माझ्या आजोबांचं, आईच्या वडिलांचं. मी तशीच पलंगावर बसले.

मला गोष्ट माहीत नव्हती असं नाही. आईचं माहेरचं नाव आणि तिच्या सासूचं नाव एकच निघालं होतं. सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची? म्हणून लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून पहिलं नाव बंद झालं. लहानपणी ही गंमत म्हणून सांगितली जायची आणि मीही हसायचे. पासबुक हातात आल्यावर मात्र हसू आलं नाही. खातं लग्नाआधीचं नव्हतं. ते उघडलं तेव्हा मी तिसरीत होते, आणि फॉलचे पैसे ती अगदी गेल्या दिवाळीपर्यंत त्यात टाकत होती.

बाबांना दाखवलं, तर त्यांनी चष्माही न लावता ते परत दिलं. म्हणाले, "जाऊ दे गं. असून असून किती असणार त्यात? कशाला हेलपाटे घालतेस?"

माझं डोकं फिरलं. ज्यांनी नाव बदललं तेच वर 'जाऊ दे' म्हणतात! त्या रात्रीची भांडी मी जरा आपटूनच घासली. पैशांचं मला काही नव्हतं. त्या नावाची एक बाई होती आणि ती माझी आई होती, एवढं मला सरकारी कागदावर, शिक्क्यासकट हवं होतं.

पोस्टातले कारकून वयस्कर होते, सभ्य होते आणि माझ्याहून कडक होते.

"खातं या बाईंचं. दाखला त्या बाईंचा. दोघी एकच, हे कशावरून?"

"अहो, मी मुलगी आहे त्यांची."

"त्यांची मुलगी, कबूल. यांची कशावरून?"

कॉलेजात मी नेमकी अशीच बोलायचे. मला त्यांचा राग आला आणि मनातून पटलंही.

आईबाबांचं लग्न कुठे नोंदवलेलं नव्हतं. मी रजा टाकली आणि सटाण्याची एसटी पकडली. आईच्या शाळेत म्हाताऱ्या शिपायाने कपाटाच्या तळातून एक रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. "जुनं रजिस्टर शे, ताई. जपीसन उलटा," तो म्हणाला. निम्म्याच्या पुढे आई सापडली. सातवी पास, वर्तणूक चांगली. त्या नावावर बोट ठेवलं तेव्हा मला भडभडून आलं. शिपायाने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मी दाखल्यासाठी अर्ज लिहायला घेतला.

नाशिकला येऊन कोर्टासमोर स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं आणि सगळी चळत कारकुनांसमोर ठेवली. त्यांनी एकेक कागद शेवटपर्यंत वाचला.

"शाळेतल्या बाई पटल्या. मृत्यूच्या दाखल्यातल्याही पटल्या. पण या बाईंच्या त्या बाई झाल्या, हे पाहिलेलं कोण आहे? दोन्ही नावांनी ओळखणारा एक तरी माणूस आणा."

मामा केव्हाच गेले होते. आईच्या बरोबरीचं दुसरं कुणी मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन बाबांना विचारायचं, तर ते पुन्हा जाऊ दे म्हणणार. मी म्हटलं, "खातं उघडतानाचं सहीचं कार्ड तुमच्याकडे असेलच. तेवढं काढा. मी बसते."

"वेळ लागेल, ताई."

"लागू दे. मी दिवसभराची रजा टाकली आहे."

बाकावर बसून राहिले. डबा आणलेला नव्हता. दुपारची जेवणाची सुट्टी झाली, ती संपली, आणि मग कारकून हात झटकत बाहेर आले. पिवळं पडलेलं कार्ड. त्यावर आईची सही, पहिल्या नावाची, एकेक अक्षर सुटं. तिच्याखाली छापलेलं होतं, 'ओळख देणाऱ्याची सही'. आणि तिथे ती लांब शेपटाची सही होती, जी माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर असायची. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, पती.

"माणूस तर तुमच्या घरातच आहे," कारकून म्हणाले.

घरी आले तेव्हा बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. मी चपलाही न काढता विचारलं, "तुम्हीच नेलं होतंत तिला पोस्टात?"

त्यांनी नळ बंद केला. "तिला मशीनचे पहिले पैसे मिळाले तेव्हा. म्हणाली, हे माझ्या नावावर ठेवायचेत. म्हटलं, ठेव की. तर म्हणाली, माझ्या. शाळेचा दाखला होता तिच्याकडे, तेवढ्यावर झालं काम. तुझ्या आजीला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून कुणालाच सांगितलं नाही."

"मग मला जाऊ दे का म्हणालात?"

"बंद केलं की संपलं ना गं. तेवढ्या एकाच ठिकाणी ती तशी होती."

मला माझी लाज वाटली. दोन महिने मी ज्यांच्यावर धुमसत होते, त्यांनीही तीच गोष्ट जपली होती, फक्त उलट्या बाजूने. पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, "बाबा, बंद कधीतरी करावंच लागेल. तुम्ही आहात तोवर, तिचं म्हणून करू."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"मयताचं नाव सांगा," कारकून म्हणाले. बाबांनी आईला आयुष्यभर 'अगं' म्हणूनच हाक मारली. ती गेल्यावर ती 'तुझी आई' झाली. त्यांनी काउंटरची कड धरली आणि तिचं पहिलं नाव घेतलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आवाज नीट लागला नाही म्हणून पुन्हा घेतलं. मग म्हणाले, "लग्नात मी बदललं," आणि दुसरं सांगितलं. कारकुनांनी दोन्ही लिहून घेतली, खाली सही घेतली, शिक्का मारला. पासबुक जमा करावं लागतं. ते बाबांनी स्वतःच्या हाताने दिलं.

बाहेर आल्यावर घरी जायच्या ऐवजी ते म्हणाले, "भांडी बाजारात चल." तिथे त्यांनी एक पितळी तांब्या निवडला, वाजवून पाहिला, आणि नाव घालायला दुकानदारापुढे ठेवला. माझ्याकडून पेन घेऊन चिठ्ठीवर तिचं पहिलं नाव लिहिलं.

दुकानदाराने नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि सवयीने विचारलं, "पुढे मिस्टरांचं नाव?"

"नको," बाबा म्हणाले. "तेवढंच राहू द्या."