अहो आई, अगं आई

माझी सून नेटवर्कवाली आहे. म्हणजे नेमकं काय करते, ते लग्नानंतर बरेच दिवस मला कळलंच नव्हतं. कुणी विचारलं तर मी ठोकून द्यायची, "कॉम्प्युटरच्या वायरी जोडते." ती शेजारी उभी असली तर नुसती हसायची. चिडत नाही ती कधी. आमच्या घरात चिडायचं खातं माझ्याकडे आहे.

नोकरी एका मोठ्या रुग्णालयात. तिथल्या खोल्याखोल्यांतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांशी बोलत राहिले पाहिजेत, हे बघायचं तिचं काम. खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड, वायरीचे तुकडे, चिकटपट्ट्या आणि त्या सगळ्याखाली चेपलेला जेवणाचा डबा. गुडघे कायम मळलेले, कारण काम सगळं टेबलांखाली. भांडी घासताना शिट्टी वाजवते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी मुलाला म्हटलं, "अरे, हिला आवर, नाहीतर कुकर समजून गॅस बंद करीन मी!" तर बयेने दुसऱ्या दिवशी बरोबर तीन शिट्ट्या दिल्या आणि गप्प बसली. अशा पोरीवर रागवायचं तरी कसं?

पण एक गोष्ट मला डाचायची. सांगते.

मी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत उभी हयात काढली. काचेला एक भोक, आणि त्यातून दिवसभर, "अहो बाई, ही गाडी कुठे लागते? अहो बाई, ती गेली का?" निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटलं बाई ते 'अहो'. आणि सून आली ती "अहो आई" म्हणतच! स्वतःच्या आईशी फोनवर बघा, "अगं आई, ऐक ना... अगं आई, काय सांगू तुला!" आणि फोन ठेवला की माझ्याकडे वळून, "अहो आई, तुम्ही जेवलात का?" मला लगेच मधे काच दिसायची.

तक्रार कुणाकडे करणार? सून मान देते म्हणून रडणारी सासू कुणी पाहिली आहे? पण खोटं कशाला बोलू, मला ते 'अगं' हवं होतं. फार हवं होतं. आणि मागून घेणाऱ्यातली मी नव्हे.

त्यात विहीणबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. एकट्या राहायच्या, म्हणून सून त्यांना इकडेच घेऊन आली. बाई मोठी गोड आणि बोलकी, आमचं छान जमलं. पण घरात दोन आया झाल्या! मुलगा मला म्हणणार "अगं आई", त्यांना "अहो आई". सून बरोबर उलटं. आणि घाईत आतून नुसतं "आई!" आलं की संपलंच. मी तवा टाकून धावणार, विहीणबाई वॉकर खटखटवत निघणार. मुलाने एकदा न्हाणीघरातून टॉवेल मागितला, तर दारातून दोन हात आणि दोन टॉवेल. तो आतून ओरडला, "अरे, एकच अंग आहे मला!"

त्याच सुमाराला सुनेच्या रुग्णालयाने शेजारची रक्त तपासायची लॅब विकत घेतली. एका रात्री ती जेवायला बसली ती हसतच.

"अहो आई, आज काय झालं ऐका. कुणाच्या तरी रक्ताचा रिपोर्ट लॅबऐवजी कँटीनच्या प्रिंटरमधून बाहेर आला. आचाऱ्याने वाचलं, साखर जास्त. त्याला वाटलं, चहाची ऑर्डर आहे!"

"मग?"

"मग काय, गोडमिट्ट चहा करून ठेवला आणि गिऱ्हाईक शोधत फिरला. आणि तिकडे लॅबमध्ये चिठ्ठी आली, दोन सँडविच, एक कॉफी. ती तिथली बाई म्हणते, हा कुठला आजार?"

विहीणबाई इतक्या हसल्या की खुबा धरून बसल्या. मी विचारलं, "पण असं होतं कसं?"

सुनेने चमचा खाली ठेवला. "नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, चार आकड्यांचा. रुग्णालयातले सगळे पत्ते एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक असे सुरू होतात. लॅबचेही तस्सेच. भिंतीपलीकडे होते तोवर काही बिघडत नव्हतं. घरोघरी आई असते, त्यावरून भांडणं होतात का? पण कुणीतरी अतिशहाण्याने भिंतीला भोक पाडून केबल ओढली आणि दोन्ही घरं एक केली. आता कँटीनचा प्रिंटरही पन्नास नंबरचा आणि लॅबचाही पन्नास. पन्नास म्हणून हाक मारली की दोघं ओ देतात. ज्याची ओ ऐकू गेली, कागद त्याच्याकडे."

"टॉवेलसारखं," मुलगा म्हणाला.

"अगदी टॉवेलसारखं! म्हणून आता लॅबच्या पत्त्यांचा पुढचा भाग बदलायचा, तिसरा आकडा एकच्या जागी दोन. पहिले तीन आकडे म्हणजे कुठलं घर, शेवटचा आकडा म्हणजे त्या घरातलं कोण. मग दोन्हीकडे पन्नास असू देत खुशाल. आणि ती केबल काढून मधे राउटर बसवायचा."

"तो काय करतो?"

"दारात बसतो. निरोपाच्या ज्या पाकिटावर आपल्या घराचा पत्ता नाही, ते त्याच्याकडे द्यायचं. कुठल्या घरासाठी कुठल्या दाराने पाठवायचं, याचा तक्ता असतो त्याच्याकडे. लांबचं असेल तर तो पुढच्या राउटरकडे देतो, तो त्याच्या पुढच्याकडे. सगळा रस्ता कुणालाच ठाऊक नसतो, पण पाकीट पोचतं."

"हात्तिच्या!" मी म्हटलं. "हे तर मी जन्मभर केलं. लांबच्या गावाला जाणाऱ्याला मी काय सांगायची? चार नंबरच्या फलाटावरून गाडी धरा, पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरा आणि तिथल्या खिडकीत विचारा. पुढचं पुढची बघेल!"

"अहो आई, म्हणजे तुम्ही राउटरच होता की!" सूनबाई टाळी द्यायला हात पुढे करून बसली. मीही दिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "मग आमच्या दोघींचा घोळही मिटव ना."

"तो कधीच मिटलाय," सून म्हणाली. "पुढचा भाग आहेच की वेगळा. अगं आई हे एक घर, अहो आई हे दुसरं."

"माझं उलटं आहे," मुलगा म्हणाला.

"असू दे. प्रत्येक राउटरचा तक्ता वेगळा."

सगळे हसले. मीही हसले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पुसलेला ओटा परत पुसला. दुसरं घर. म्हणजे मी दुसऱ्या घरातली. पोरगी गमतीत बोलली, पण लागायचं तिथे लागलं.

लॅबला सुट्टी होती त्या दिवशी सून पत्ते बदलायला सकाळीच गेली. संध्याकाळी मी अंघोळ करून बाहेर आले. विहीणबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, म्हटलं झोपल्या असतील. मटार सोलायला बसले. तेवढ्यात बाहेरून दारावर लाथ बसली.

"अगं आई, दार उघड!"

मी जागची हलले नाही. 'अगं' म्हणजे विहीणबाईंचा पत्ता. मी कशाला उठू? वॉकरची खटखट ऐकू येईल म्हणून थांबले. काही नाही.

"अगं आई, उघड ना गं! हात भरलेत माझे!"

मी खोलीकडे तोंड करून ओरडले, "विहीणबाई, तुम्हाला हाक आहे!" आत सामसूम.

"अगं आई, पडेल आता हे!"

शेवटी पदराला हात पुसत, बडबडत उठले आणि दार उघडलं. सून उभी. एका हातावर केकचं खोकं, दुसऱ्या काखेत वायरींचं भेंडोळं, गुडघे काळेकुट्ट, आणि चेहरा लग्नात होता त्याहून खूश.

"अगं, ऐकू येत नाही का तुला? केव्हाची ओरडतेय!"

"तुझी आई झोपलीय आत," मी म्हटलं. "तिला हाक मारत होतीस ना?"

"ती कुठली झोपतेय! खाली बाकावर बसलीय ह्यांच्याबरोबर, आत्ता भेटले की. तुझ्याशिवाय घरात आहे कोण?" माझ्या हातात केक कोंबून ती आत पळाली. "रिपोर्ट लॅबमध्ये, सँडविच कँटीनमध्ये! सगळं जागच्या जागी!"

काय बोलून गेली, याचा तिला पत्ताच नव्हता.

"आधी पाय पूस!" मी खेकसले.

"हो गं, पुसते!"

मला रडू आलं. केकचं खोकं धरून मी दारातच उभी राहिले. लिफ्ट वर आली, मुलगा आणि विहीणबाई बाहेर आल्या, तरी मी तिथेच.

"काय गं आई, काय झालं? इथे का उभी?" मुलगा घाबरलाच.

"काही नाही रे," मी म्हटलं. "मला हाक आली होती."